मंगलताईंचा हातचा

मंगलताईंना फोनवर कुणी ‘बाकी काय?’ असं विचारलं की त्या खरोखरची बाकी सांगायच्या. आपल्याकडे ‘बाकी काय’ हा काही प्रश्न नसतो. बोलायचं संपत आलं, आता फोन ठेवू या, एवढाच त्याचा अर्थ. पुण्याहून त्यांचा भाऊ दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी ऑफिसात फोन करायचा. अण्णांची म्हणजे वडिलांची तब्येत, औषधं, हवापाणी झालं की तो म्हणे, ‘बाकी काय?’ आणि ताई अगदी शांतपणे म्हणत, “बाकी चोवीस.”

“चोवीस काय?”

“त्रेपन्ननी भागल्यावर.”

तो ‘बरं, ठेवतो’ म्हणे. ताई फोन ठेवून माझ्याकडे बघत आणि म्हणत, “विचारतो तर सांगावं लागतं बाबा.”

मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे प्रक्रिया कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो, तेव्हा ताई तिथे चौदा वर्षं जुन्या होत्या. मी धावड्याचा, शेतकऱ्याच्या घरचा, कृषी पदवीधर. बियाणं मला काय कुणी शिकवायचं, असा माझा तोरा होता. पहिल्याच दिवशी ताईंनी माझ्यापुढे कपाशीच्या सरकीचा ट्रे ठेवला आणि उगवण चाचणीसाठी चारशे बिया मोजायला सांगितल्या. मी पटापट मोजल्या. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, ओठ न हलवता मोजल्या आणि ट्रे परत माझ्याकडे ढकलला. “तीनशे नव्याण्णव.”

मी म्हणालो, “ताई, एकानं काय होतंय?”

“एकानंच होतंय. चारशेनी तर आजवर कुणाचं काही झालं न्हाई.”

आमच्या प्रयोगशाळेचा नियम असा की एकाने मोजलेलं दुसऱ्याने मोजायचं आणि दोघांनी सही करायची. दुसरी मोजणी झाल्याशिवाय आकडा आकडाच नाही. बाकीचे लोक ही सही डोळे मिटून ठोकायचे. ताई मात्र दुसऱ्याची मोजणी करताना जास्त सावध असत. “मोजलेलं खोटं बोलत न्हाई,” त्या म्हणत, “मोजणारा बोलतो.” पहिले सहा महिने मला त्यांचा फार राग आला. नंतर माझ्या लक्षात आलं की त्या स्वतःचं मोजलेलंही माझ्यापुढे तितक्याच निमूटपणे ठेवतात आणि माझी सही होईपर्यंत उठत नाहीत.

त्यांचं नाव मंगल कसं पडलं, ते त्यांनीच मला एकदा सांगितलं. जन्म मूळ नक्षत्राचा, त्यात पहिला चरण. म्हणजे बापाला वाईट. घरात रडारड झाली, शांत केली, आणि निदान नाव तरी चांगलं असावं म्हणून मंगल ठेवलं. पोरगी हुशार निघाली. जालन्यातच गणितात बी.एस्सी. झाली. पुढे एम.एस्सी.ला संभाजीनगरला जायचं म्हणाली, तेव्हा अण्णा म्हणाले, आधी लग्न होऊ दे, मग सासरचे शिकवतील. स्थळं येत, पत्रिका मागत, आणि मूळ नक्षत्र म्हटल्यावर चहाही पुरता न पिता उठत. सून मुळावरची आली की सासरा जातो म्हणतात. सासरा आधीच वारलेलं घर शोधायचं म्हणून अण्णांनी परतूरपासून भोकरदनपर्यंत पायपीट केली. तसं घर मिळालं नाही. लग्न झालं नाही म्हणून शिक्षण नाही, आणि शिक्षण पुढे गेलं नाही म्हणून बियाणं मोजण्याची नोकरी. “मी मूळ नक्षत्राची,” त्या म्हणत, “मंग मूळ संख्या माझ्या नात्यातल्याच की. त्यांच्यात पण कुणी शिरू शकत न्हाई.” हे त्या हसून सांगत. मला मात्र हसावं की नाही ते कळत नसे.

मी लागलो त्याच्या पुढच्या वर्षी अण्णांना पक्षाघात झाला. एसटीत कंडक्टर म्हणून हयात गेलेला माणूस, सगळ्या गावांची नावं एका दमात म्हणणारा. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आई आधीच वारलेल्या. दवाखान्यात एक आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, “शेवटी आलीच की बापाच्या मुळावर.” मी तिथे डबा घेऊन गेलो होतो. मला वाटलं, ताई काहीतरी बोलतील. त्या बाकावर बसून आलेखाच्या कागदावर एकेक आकडा खोडत होत्या. मान वर केली नाही.

तो कागद कसला, ते मला नंतर कळलं. कॉलेजात त्यांच्या सरांनी एकदा फळ्यावर पहिल्या नऊ मूळ संख्या लिहिल्या. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस, तेवीस. सगळ्यांचा गुणाकार केला आणि त्यात एक मिळवला. आले बावीस कोटी तीस लाख ब्याण्णव हजार आठशे एकाहत्तर. या नवांपैकी कुणीही भागलं तरी बाकी एकच उरणार. ताई बाकावरून उठून म्हणाल्या होत्या, म्हणजे ही मूळ संख्या झाली. सर म्हणाले, घाई नको. या नवांना ती दाद देत नाही, एवढंच. बाहेरचा कुणी तिला भागत असला तर? तो बघितल्याशिवाय म्हणता येणार नाही. तेवढ्यात तास संपला. ताईंचा तो तास पुढची सतरा-अठरा वर्षं संपला नव्हता.

दवाखान्यातल्या दिवसांत त्यांनी पंधरा हजारांपर्यंतच्या आकड्यांना चाळणी लावली. दोनाचे पट खोडले, तिनाचे खोडले, पाचाचे, साताचे, आणि उरलेल्या मूळ संख्यांची यादी केली. पंधरा हजारच का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “संख्या फुटली तर दोन तुकडे होणार ना? दोन्ही तुकडे मोठे असून कसं चालंल? गुणाकार बाहेर जाईल. एक तरी चौदा हजार नऊशे छत्तीसच्या आत सापडलाच पायजे.” त्या यादीत तपासायच्या संख्या होत्या सतराशे एकोणचाळीस. रोज एक भागाकार, हाताने. अण्णांना घरी आणलं त्या रविवारी त्यांनी एकोणतीसने सुरुवात केली. बाकी अठरा. सोमवारी एकतीस. बाकी सात. “पावणेपाच वर्षांचं काम हाय,” त्या म्हणाल्या. ऐकूनच मला धाप लागली. त्यांचा चेहरा मात्र उजळला होता. खोटं कशाला सांगू, इतका उजळलेला चेहरा मी त्यांचा आधी बघितला नव्हता.

ऑफिसच्या दिवशी त्या पावणेनऊला यायच्या. पंधरा मिनिटं लांबट वही पुढे घेऊन एक भागाकार. वर भाजक, खाली त्या दिवसाचा वार, तळाला बाकी, तिच्याभोवती चौकोन. रविवारी आणि सुट्टीला तोच भागाकार घरी. शेजारच्या रोलिंग मिलचे धक्के आमच्या टेबलापर्यंत यायचे आणि ताईंचा सात थोडा वाकडा व्हायचा. मी एकदा म्हणालो, “ताई, मोबाइलला विचारा ना. टाकला आकडा की उत्तर.”

“मोबाइलला कशाची घाई असती रे? त्याच्या घरी कोण पडून हाय?” मग जरा थांबून म्हणाल्या, “मला उत्तर नको हाय प्रकाश. मला रोजचं पायजे. परत विचारू नको.”

त्यांच्या घरी मी चार-पाचदा गेलो. दोन खोल्या, पुढच्या खोलीत अण्णांची खाट. दिवसा शेजारच्या एक मावशी बसायच्या, पण कूस बदलणं, पुसणं, भरवणं ताईच करत. त्यासाठी दुपारी एकला स्कूटीवरून घरी आणि एक चाळीसला परत. अण्णांना नंतर एकच शब्द बोलता यायला लागला. ‘मंगे.’ पाणी पाहिजे तरी मंगे, पंखा नको तरी मंगे, दारात मी दिसलो तरी मंगे. ताई दर वेळी “आले अण्णा” म्हणत. मी चहा पीत होतो तेवढ्या वेळात त्या अकरा वेळा उठल्या. मी मोजलं. आमच्या धंद्यात ती खोडच लागते.

माझं लग्न वाटूरला ठरलं. मी पत्रिका घेऊन ताईंकडे गेलो आणि म्हणालो, “तुम्ही आल्याशिवाय अक्षता पडू देणार न्हाई.” ताईंनी पत्रिका वाचली. मग मनात काहीतरी केलं. “एसटीनं जायला दोन तास, यायला दोन तास. अन् चार तासाला कूस बदलावी लागती. अक्षता टाकायला वेळ उरतच न्हाई.” मी मावशींचं नाव काढलं. त्या म्हणाल्या, “मावशींच्यानं उचलत न्हाईत. एकदा पाठीला जखम झाली की भरत न्हाई.” पाच वर्षांत ही बाई जालन्याच्या बाहेर गेली नाही. भाऊ म्हणायचा, एखाद्या संस्थेत ठेवू. त्यावर ताई म्हणत, “मुळावरच्या पोरीनं बापाला घराबाहेर काढलं, असं म्हणतील.” आत्याचं ते वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं, असं मी समजत होतो. कसलं काय.

पाचव्या वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांतली गोष्ट. ताई तेरा हजारांच्या पुढे गेल्या होत्या. साडेपाच महिने उरले होते. एक दिवस त्या म्हणाल्या, “संपलं की सगळ्या वह्या सरांकडे धाडणार. त्यांना म्हणणार, बघितले बाहेरचे पण सगळे. कुणी भागत न्हाई.” सर निवृत्त होऊन संभाजीनगरला होते. ताईंनी पत्ता मिळवला होता आणि वह्या बसतील असं खोकंसुद्धा आणून ठेवलं होतं. मला वाटलं, शेवटच्या दिवशी प्रयोगशाळेत पेढे वाटावेत, ताईंना शाल द्यावी. आणि पेढे आणायच्या आधी खात्री करावी म्हणून मी, गाढव माणूस, जेवणाच्या सुट्टीत तो आकडा मोबाइलमध्ये टाकला.

उत्तर लगेच आलं. तीनशे सतरा गुणिले सात लाख तीन हजार सातशे त्रेसष्ट.

मला वाटलं, आकडा चुकला. परत टाकला. तेच. मग पाठकोऱ्या कागदावर हाताने भागलं. तीनशे सतराने भाग बरोबर गेला. बाकी शून्य. ताई तीनशे सतरा केव्हाच ओलांडून गेल्या होत्या. सुरुवातीलाच, सत्तावन्नाव्या दिवशी.

पुढचे पंधरा दिवस माझे फार वाईट गेले. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “बोलू नका. त्या बाईजवळ दुसरं आहे काय?” ते खरंच होतं. पण मी गप्प बसलो असतो तर वह्यांचं खोकं सरांकडे गेलं असतं, आणि गणिताच्या माणसाला ही गोष्ट माहीत असणारच. सांगितलं तर झालेली सव्वाचार वर्षं माझ्या हातून मोडणार, आणि नाही सांगितलं तर सरांच्या पत्राने मोडणार. रोज पावणेनऊला ताई वही उघडत आणि मी उगवण खोलीत जाऊन उभा राहत असे. त्या खोलीला खिडकी नाही. ओल्या कागदांच्या वासात पंधरा मिनिटं काढायची, आणि ताईंनी वही मिटल्याचा आवाज आला की बाहेर यायचं. कुणी मला कोंडलेलं नव्हतं, पण दुसरीकडे जाताही येत नव्हतं.

शेवटी एका सकाळी मी त्यांच्या समोर बसलो. “ताई, मी दुसरी मोजणी केली.”

“कशाची?”

“तीनशे सतराची.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मशीनला का विचारलंस, असं त्या म्हणाल्या नाहीत. समोरचा कागद उलटा केला आणि भागायला लागल्या. पुटपुटत मोजताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो. “सात साते एकोणपन्नास, हातचे चार. सात एके सात न चार अकरा, हातचा एक. सात त्रिक एकवीस न एक बावीस. बावीसशे एकोणीस.” असं करत तळापर्यंत आल्या. नऊशे एक्कावन्नातून नऊशे एक्कावन्न गेले. त्यांनी शून्य काढलं, त्याच्याभोवती नेहमीसारखा चौकोन केला आणि पेनचं टोपण लावलं. दिवसभर त्या कामापुरतं बोलल्या. मीही.

दुसऱ्या दिवशी त्या पहिली वही घेऊन आल्या. तीनशे सतराचं पान माझ्यापुढे ठेवलं. वर लिहिलं होतं, रविवार. पहिल्याच पायरीला बावीसशे एकोणीसच्या जागी एकवीसशे एकोणीस होते. हातचा एक मिळवायचा राहिला होता. त्यापुढचं सगळं बिनचूक, आणि तळाला चौकोनात बाकी दोनशे पस्तीस.

“मला याद हाय हा रविवार,” ताई म्हणाल्या. “सात एके सात न चार अकरा, हातचा एक, इथवर आल्ते. अन् आतून आवाज आला. मंगे. दोन महिने त्या माणसाच्या तोंडातून शब्द न्हवता प्रकाश. मी पळतच गेल्ते. आम्ही दोघं खूप रडलो. नंतर कधीतरी येऊन पुढचं केलं. हातचा कुणाच्या ध्यानात ऱ्हातो.”

मी ते पान परत वाचलं. त्याच पुढे म्हणाल्या, “आणखी एक हाय. दुसरा तुकडा, सात लाख तीन हजार सातशे त्रेसष्ट, तो मूळ हाय. बिलकुल मूळ. त्याला जो भागंल तो मोठीला पण भागंल, अन् ते सगळे तर मी वहीत तपासलेत. फक्त तीनशे सतरानं परत बघायचं होतं, ते सकाळी बघितलं. बाकी तेवीस.”

मी एकदम खुश झालो. “म्हणजे मेहनत फुकट गेली न्हाई ताई!”

“गेली की. तेवढ्यासाठी आठशे अडतीसच्या आतले तपासले तरी बस होतं. साडेचार महिन्यांचं काम.” त्या पान चाळत होत्या. “पुढचे चौदाशे दिवस फुकटच. पण तेच मला पायजे होते. त्या रविवारी बराबर आलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. मंग मी काय केलं असतं?”

मी म्हणालो, “आता पुढची घ्या. ह्या गुणाकाराला एकोणतीसनी गुणा अन् एक मिळवा. एकवीस-बावीस वर्षांचं काम हाय.”

“अन् ती पण दोन महिन्यांत फुटली तर? आता मला धाक बसला. आधी मला वाटायचं, ही फुटतच न्हाई. म्हणून रोज करू शकले.” त्यांनी वही मिटली. “अशी चूक ठरवून करता येत न्हाई.”

सरांकडे काही गेलं नाही. खोक्यात त्यांनी अण्णांची औषधं ठेवली. सकाळी त्या अजून पावणेनऊलाच येत, पण टेबलावर हात ठेवून नुसत्या बसत. नऊ वाजले की बिया मोजायला घेत. मोजण्यात कधी एकाचा फरक पडला नाही. शनिवारी भावाचा फोन आला की ‘बाकी काय’ला त्या ‘काही न्हाई’ म्हणत, आणि तो समाधानाने फोन ठेवी. त्याला वाटत असावं, ताई आता ठीक आहे.

पुढच्या वर्षी मला अकोल्याला दुसरी नोकरी मिळाली. माझ्या शेवटच्या दिवशी एक वाजता ताई स्कूटी काढत होत्या. मी जवळ गेलो. वर्षभर मनात साचलेलं बोलून टाकलं. “ताई, मी सांगायला नको होतं. माझं चुकलं.”

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “तू बराबर केलं. चुकीचं मोजून सही कशी करायची?” त्यांनी डोक्यावर हेल्मेट चढवलं, पट्टा लावला. मग तो परत काढला. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी आवाज खाली आणला.

“पण एक सांगते. कुणाला बोलू नको. आधी अण्णा मंगे म्हणले की मी वहीतून उठून जायची. आता कशातूनच उठत न्हाई. तिथंच असती. अन् आताशा ते मंगे म्हणले की मला त्यांचा राग यायलाय. पाच वर्षांत एकदा पण आला न्हवता.”

ताईंनी घड्याळ बघितलं. एक वाजून चार मिनिटं झाली होती. “चल, उशीर झाला,” असं म्हणून त्या घरी गेल्या.